भिंतीपलीकडची चार पावलं

नागपूर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय अनंतभाऊजी,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पाकिटावरचं अक्षर पाहून दोनदा चष्मा पुसला असेल ना? मी फोनच करणार होते. पण पुष्कर म्हणाला, "मोठी आई, बाबांना आता फोनवर काहीच ऐकू येत नाही. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातल्या टर्बाइननं कान नेले त्यांचे. तुम्ही बोलाल आणि ते नुसते हो-हो करतील." म्हणून पत्र. हो-हो लिहून पाठवायला तुम्हाला निदान तिकीट तरी लावावं लागेल.

पुष्कर मिहानमधल्या ऑफिसातून घरी जाताना महिन्यातून एकदा डोकावतो. गुणी आहे. तुमच्यासारखाच लांब ढांगा टाकत जिना चढतो, पावलांवरून कळतं. विक्रम हैदराबादला मजेत आहे. माझी शुगर ताब्यात आहे, गुडघे नाहीत. यंदा थंडी चांगली पडली. संत्री आंबट निघाली, पण त्याचा कुणाकुणाला दोष देणार.

माझ्याकडची खरी बातमी म्हणजे मला एक नवा नाद लागलाय. दर रविवारी सकाळी मी कबरस्तानात जाते. हसू नका. सदरकडच्या त्या जुन्या गोऱ्यांच्या कबरस्तानात. अबोली नावाची एक मुलगी आहे, आर्किटेक्चरच्या कॉलेजात शिकवते. तिनं सात-आठ जण जमवलेत. तिथली एकेक कबर मोजायची, दगडावरचं वाचून घ्यायचं आणि सगळ्या जागेचा नकाशा करायचा, असं काम चाललंय. मी ऑफिसात तीस वर्षं ट्रेसर होते, नकाशे शाईनं गिरवायची, म्हटल्यावर तिनं मला सोडलंच नाही. आता नकाशाची सगळी शाई माझ्या हातची.

झिजलेली अक्षरं समोरून पाहिली तर दिसत नाहीत, हे मला तिथं कळलं. त्यांच्यावर बाजूनं ऊन पाडावं लागतं. अबोलीकडे त्यासाठी आरसा आहे. मी घरून जेवणाचं स्टीलचं ताट नेते. ताट उन्हात धरून जरा कलतं केलं की कवडसा दगडावर आडवा पसरतो आणि अक्षरं उठून वर येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क टाळी वाजवली, ताट पायावर पडलं.

आपण शाळेत नागपूरचा इतिहास शिकलो तो भोसल्यांचा आणि किल्ल्याचा. हा वेगळाच निघाला. एक इंजिन ड्रायव्हर आहे, रेल्वे आली तेव्हाचा. मे महिन्यात ऊन लागून गेला. नागपूरचा मे त्याला कोणी सांगितला नसावा. तारमास्तरची बायको आणि तीन मुलं एकाच आठवड्यात कॉलऱ्यानं गेलेली आहेत, दगड एकच. एक बँडमास्तर आहे. मिशनच्या शाळेतले एक मास्तर आहेत, आपल्याच मराठीत लिहिलंय, "येथे गुरुजी विसावा घेत आहेत." त्यांच्या दगडापाशी मी डबा उघडते. पोळी-भाजी खाताना मास्तरांची सोबत बरी वाटते.

सगळ्यात जास्त कबरी मुलांच्या आहेत. वय कसं लिहितात माहीत आहे? एक वर्ष, तीन महिने, अकरा दिवस. दिवससुद्धा मोजलेले. कुणीतरी बापानं बसून हिशेब केला असेल, मग पाथरवटाला सांगितलं असेल, दिवस कोरायला विसरू नको. मागच्या महिन्यात कोपऱ्यातला एक छोटा दगड वाचला. आईबापांचं नाव, आणि खाली "यांची तान्ही मुलगी, सहा दिवस." तिचं नाव नाही. नाव नाही तरी दगड आहे, भाऊजी.

असो. एक गंमत सांगायची राहिली. अबोलीला जुन्या नकाशाचा आणि आताच्या भिंतीचा मेळ लागेना. मी म्हटलं, अगं, भिंत सरकली आहे, बावीस फूट आत. चौऱ्याण्णव साली रस्ता रुंद केला तेव्हा. ती म्हणाली, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, कारण त्या रस्त्याची लाल रेघ मीच ओढली होती! आमच्या ऑफिसातच तो नकाशा झाला. लांबलचक रेघ, एका दमात, कुठं थेंब नाही की जोड नाही. साहेबांनी चार जणांना बोलावून दाखवली होती. अबोलीनं मला सगळ्यांसमोर उभं करून ते सांगायला लावलं आणि म्हातारीनं भाव खाऊन घेतला.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. वरण चढवलं, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, परत बसले. जे लिहायला बसले ते अजून लिहिलेलं नाही.

मी तिथं इतिहासासाठी जात नाही.

ह्यांना जाऊन नोव्हेंबरात दोन वर्षं झाली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात शुद्ध असायची-नसायची. एका दुपारी माझा हात धरून अगदी स्पष्ट म्हणाले, "सुमती, माझी गाडी गोऱ्यांच्या कबरस्तानाच्या रस्त्यानं नेऊ नका." मी विक्रमला सांगितलं, गाडी फिरवून नेली. विक्रमनं कारण विचारलं नाही. मी मात्र तेव्हापासून दुसरं काही विचारच करू शकलेले नाही.

मागचं सगळं आठवत गेले. स्कूटर घेतल्यावर पहिली काही वर्षं हे मला त्याच रस्त्यानं ऑफिसला सोडायचे. भिंतीतून बाहेर वाकलेला एक कडुनिंब होता. तिथं आले की स्कूटर हळू व्हायची. मी म्हणायची, उशीर होतोय हो. म्हणायचे, सावली आहे जरा. मग केव्हातरी एकाएकी त्यांनी तो रस्ता सोडला. दीड किलोमीटरचा वळसा घालून न्यायला लागले. मला वाटलं, खड्डे असतील. मी खड्डे समजून तीस वर्षं वळसा घातला.

आणि गेल्या रविवारी लहानू बोलला. तिथला राखणदार, साठीचा आहे. त्याच्या आधी त्याचा बाप, धोंडबा, तिथंच राखण करायचा. मी मास्तरांच्या कबरीपाशी बसले होते. तो म्हणाला, "मावशी, तुमी लेकरांच्याच कबरी काहून पाहून राहता?" मी म्हटलं, सहज. मग तोच सांगायला लागला, "माहा बाप दर तान्ह्या पोळ्याले तिकडं भितीपाशी दिवा लावत होता. तिथं दगड ना काही. मी इचारलं, बाबा, कोनाचा हाये? तर मने, कोनाचं तरी ठेवलं हाये माह्याजवळ. मंग रस्ता झाला, तवापासून बंद केला त्यानं."

दर तान्ह्या पोळ्याला, भाऊजी.

त्र्याऐंशीच्या तान्ह्या पोळ्याला पहाटे माझी मुलगी गेली. नवव्या दिवशी. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, एवढं मला ठाऊक होतं. बायका सोबत जात नाहीत, हेही ठाऊक होतं. मी दवाखान्याच्या खाटेवर तापात होते. तुम्ही आणि हे तिला घेऊन गेलात आणि दुपारी रिकाम्या हातांनी आलात. मी विचारलं, कुठं ठेवलं? हे भिंतीकडे पाहत राहिले. मग तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, ते विचारू नका." मी महिनाभर विचारत होते. दूध आटायला पंधरा दिवस लागले, ते पंधरा दिवस तर रोज विचारलं. तुम्ही दोघं आणि सासूबाई, तिघांची तोंडं शिवलेली.

ह्यांच्यावर रागावून कुठं जाणार होते मी? म्हणून तुमच्यावर रागावले. त्यानंतर तुमच्या पानात मी माझ्या हातानं कधी वाढलं नाही. भांडं समोर ठेवून आत जायची. तुमच्या ते लक्षात आलं होतं, मला माहीत आहे. म्हणूनच तुम्ही खापरखेड्याला कॉलनीत राहायला गेलात आणि सणाला येणं बंद केलंत. ह्यांच्या दहाव्यालासुद्धा आपण दोन टोकांना बसलो होतो.

सासूबाई गेल्या, हे गेले, धोंडबा गेला. आता एकटे तुम्हीच उरलात. पुष्कर म्हणतो, हल्ली बाबा विसरायला लागलेत. मला भीती वाटते, भाऊजी. तुम्ही विसरलात की ती कुठंच उरणार नाही.

मी आता काही मागत नाही, रडगाणंही गाणार नाही. ती त्या कबरस्तानात आहे का, आणि असेल तर कुठं, एवढंच लिहा. नुसती जागा लिहून पाठवलीत तरी चालेल. बाकी मजकूर कोरा ठेवा.

तुमची वहिनी,
सुमती

---

खापरखेडा,
४ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनींस,
अनंताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळून बारा दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि उठतो. मला पत्र लिहिता येत नाही. जन्मभर लॉगबुक लिहिलं, किती वाजता काय झालं एवढंच. तसंच लिहितो.

सकाळी आठला दवाखान्यातून निघालो. मी सायकल चालवत होतो, दादा मागे बसला होता, त्याच्या हातात ती. तुमच्याच पातळात गुंडाळलेली. घाटावर जायचं तर महालची वस्ती ओलांडावी लागते. दिवस तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीचा. हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पुढे रस्ता माणसांनी बंद. काळी मारबत, पिवळी मारबत, ते मोठाले पुतळे, ढोल, आणि सगळं गाव ओरडतंय, "रोगराई घेऊन जा गे मारबत." आम्ही सायकल धरून त्या गर्दीत अडकलो. मागेही जाता येईना. दादानं तिला छातीशी धरलं होतं, डोक्यावर रुमाल टाकला होता. शेजारची एक बाई त्याच्यावर खेकसली, "एवढ्या तान्ह्या लेकराले या गर्दीत काहून आणलं गा? मायजवळ नेऊन घाल त्याले!"

दादा मला म्हणाला, "अनंता, फिरव." त्यापुढे त्याच्यानं घाटाकडे जाववेना.

मी मॅट्रिकला असताना गोऱ्यांच्या कबरस्तानात अभ्यासाला जायचो. शांत असायचं. धोंडबाची ओळख होती. त्याला सांगितलं. तो फावडं घेऊन आला. आपली जागा नव्हती ती, आपली माणसं नव्हती. तरी त्यानं दिली.

जागा लिहितो. ही मी विसरलेलो नाही. पुष्कर काय म्हणतो ते म्हणो. धोंडबाच्या खोलीचा उंबरठा. त्याकडे पाठ करून रस्त्याच्या भिंतीकडे तोंड करायचं. सरळ अठरा पावलं, माझी. डाव्या हाताला कडुनिंब. तिथं.

घरी आल्यावर आईनं आम्हा दोघांना देवापुढे शपथ घातली. लेकराच्या आईला जागा कळली की तिचे पाय तिकडे वळतात आणि पुढचं मूल टिकत नाही, असं तिचं म्हणणं. तुम्ही विचारायचात तेव्हा मी खाली पाहायचो. विक्रम झाला, चांगला मोठा झाला, तेव्हा सांगायला हवं होतं. दादा म्हणायचा, सांगू. एकदा घेऊन जाऊ तिला. सांगू.

आता पुढचं लिहितो. हे तुम्ही विचारलेलं नाही. तुम्ही बाकी कोरं ठेवा म्हणालात. पण जागा सांगून हे लपवलं तर ती जागा खोटी होईल.

चौऱ्याण्णव साली एका सकाळी दादा खापरखेड्याला आला, मी ड्यूटीवरून सुटत होतो. रात्री जेवला नव्हता. म्हणाला, "काल सुमती मला भाकरी वाढताना सांगत होती, साहेबांनी तिची रेघ चार जणांना दाखवली. कबरस्तानाच्या रस्त्याची रेघ. मी विचारलं, कुठून जाते? तिनं ताटात बोटानं काढून दाखवली. अनंता, ती कडुनिंबाच्या आतून जाते."

महिनाभरानं फाटकावर नोटीस लागली. कोणाच्या कबरी त्या पट्ट्यात असतील त्यांनी अर्ज करावा, आत हलवून मिळतील. दादानं अर्ज आणला. धोंडबाच्या उंबरठ्यावर बसून आम्ही तो भरायला घेतला. पहिलाच रकाना, मृताचे नाव. दादाचं पेन तिथंच थांबलं. मला म्हणाला, "काय लिहू? बारसं झालंच नाही. सुमतीनं मनात काय ठरवलं होतं, मी कधी विचारलं नाही." मी म्हटलं, आज विचार. तो म्हणाला, "विचारायचं तर सगळंच सांगावं लागेल. रेघ कोणाच्या अंगावरून गेली हे कळल्यावर ती परत हातात पेन धरणार नाही. राहू दे."

नाव असलेले सगळे दगड आत हलवले. रस्ता झाला. कडुनिंब गेला. दादानं तो रस्ता सोडला तो तेव्हापासून. खड्डे नव्हते, वहिनी.

तो अर्ज माझ्या पेटीत होता. सोबत पाठवतो. पिवळा पडलाय, पण कोरा आहे.

तुम्ही वाढत नव्हतात ते मला कळत होतं. माझं काही म्हणणं नव्हतं. बरोबरच होतं ते.

आपला,
अनंता

---

नागपूर,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

प्रिय अनंतभाऊजी,

तुमचं पत्र मी उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. मग चार दिवस कपाटात कुलूप लावून ठेवलं आणि किल्ली डाळीच्या डब्यात टाकली, तरी सगळं पाठ होतं.

ह्यांचा फार राग आला. फोटोसमोर उभी राहून भांडले. म्हटलं, मला विचारायचं ना हो एकदा. एक नाव विचारायला काय लागतं? नाव सांगितलं असतं तर आज ती मास्तरांच्या शेजारी असती, माझ्या डब्याजवळ. तुम्ही माझ्या हाताला जपलंत आणि तिला रस्त्याखाली सोडलंत. असं काहीबाही बोलले. शेजारच्या बाईंनी बेल वाजवून विचारलं, काकू, बऱ्या आहात ना? मी म्हटलं, हो, टीव्ही मोठा होता.

मग ती संध्याकाळ आठवली. मला वाटायचं, नीट आठवत नाही. सगळं आठवलं. ज्वारीची भाकरी होती, भरली वांगी होती. मी फुशारकी मारत होते. त्यांच्या ताटातल्या रश्श्यात बोट बुडवून मी रेघ काढली, इथून अशी सरळ. आणि त्यांनी ताट सारलं. मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, बायकोचं कौतुक झालेलं बघवत नाही वाटतं.

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं.

काल रविवारी पुष्करला बरोबर नेलं. माझी पावलं आखूड, आणि तुमची मोजायची होती. त्याला सगळं सांगितलं, आधी विक्रमला फोनवर सांगितलं. विक्रमनं सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आई, मला ताई होती?" चाळीशीला आलेला मुलगा, भाऊजी. ताई म्हणाला.

धोंडबाची खोली आता नाही, पण उंबरठ्याचा दगड आहे. लहानूनं पाला झाडून दिला. पुष्करनं पाठ केली आणि चालायला लागला. मी मोठ्यानं मोजत होते. चौदाव्या पावलाला भिंत आली. तो भिंतीला हात लावून तसाच उभा राहिला. लहानू त्या जागी भिंतीवर विटेचा तुकडा ठेवून आला. मग आम्ही फाटकातून बाहेर पडलो, फिरून त्या विटेपाशी आलो आणि उरलेली चार पावलं पुष्कर रस्त्यावर चालला. पंधरा, सोळा, सतरा, अठरा. फूटपाथ संपतो तिथं, पांढऱ्या पट्ट्याला लागून.

तिथं रिक्षा थांबतात. दीड वर्ष झालं, मी दर रविवारी तिथं उतरते. एक हात रिक्षाच्या दांड्याला, पहिला पाय तिथं ठेवते, दुखरा गुडघा म्हणून जोर देऊन. मग छत्री उघडते आणि आत जाते, लोकांच्या मुलांच्या कबरी शोधायला.

मी रस्त्यातच बसले. पुष्कर आणि लहानू दोन्ही बाजूंना हात पसरून उभे राहिले. गाड्या वळून जात होत्या. एक मोटारसायकलवाला ओरडला, "ओ काकी, मरायचं आहे का?" लहानू त्याच्यावर धावून गेला, "चूप बस बे! माय बसली हाये तिथं!" मी हात टेकवला. डांबर उन्हानं तापलेलं होतं. मी रडले, भाऊजी. दवाखान्यात रडले होते त्यानंतर इतकं आत्ताच.

तिच्या डाव्या कानाची पाळी मुडपलेली होती. तुम्ही पाहिली होती का? हे मला कोणालातरी विचारायचं होतं. आता पाहिलेलं कोणी असेल तर ते तुम्हीच.

अबोलीचा नकाशा पुरा होत आलाय. दोनशे तेरा कबरी भरल्या. आज सकाळी मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, एक राहिली आहे, भिंतीबाहेर. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मावशी, तुमच्या हातानंच काढा." चौऱ्याण्णवच्या नकाशाची प्रत तिनं मिळवली होती, ती टेबलावर पसरली. माझी लाल रेघ. खरंच सुरेख आहे हो, कुठं थरथर नाही. ती पुसता येत नाही. तिच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला, कडुनिंबाच्या खुणेपाशी, मी काळ्या शाईनं एक ठिपका दिला. दोनशे चौदा. ठिपका थोडा फाकला. ह्यांना म्हणावं, पेन धरलं मी.

आणि तो अर्ज भरला. आता तो घ्यायला कोणी खिडकीवर बसलेलं नाही, ते मला कळतं. तरी भरला. पहिला रकाना भरायला मला एक क्षण लागला नाही. पोटात होती तेव्हापासून ठरलेलं होतं. बारशाला आत्यानं कानात सांगेपर्यंत बोलायचं नसतं म्हणून बोलले नव्हते, आणि मग ते तोंडातच राहिलं. मृताचे नाव, चिन्मयी. वय, नऊ दिवस. दगड क्रमांक, नाही. अर्जदाराचे मृताशी नाते, हे मी सगळ्यात शेवटी लिहिलं.

मी तुम्हाला माफ केलं असं लिहिणार नव्हते आणि लिहीतही नाही. ते अजून झालेलं नाही, कधी होईल सांगता येत नाही. पण त्या गर्दीत सायकल तुम्ही धरली होती. अठरा पावलं बेचाळीस वर्षं तुम्ही सांभाळलीत, नाहीतर तीही गेली असती.

तान्ह्या पोळ्याला त्या विटेपाशी, भिंतीच्या आतून, दिवा लावायचा आहे. लहानू म्हणतो, बापाची पणती अजून आहे त्याच्याकडे. तेव्हा तर याच. पण त्याला सहा महिने आहेत आणि तुमचं-माझं वय हे असं. येत्या रविवारी पुष्करबरोबर जेवायला या. भाकरी आणि भरली वांगी करते.

वाढीन मी.

चिन्मयीची आई,
सुमती